हुळांना वास चालत नाही

मेलेलं हुळ बोटांत धरलं की आधी थंड लागतं आणि मग फुटतं. हे ठाऊक असूनही सोयराबाई ती हातानंच उचलत होती, कारण फावडं लावलं की सगळ्या मांडणीवर त्यांचा रस्सा होतो आणि मांडणी तर पुढच्या पिकाला लागायचीच. हुळ म्हणजे रेशमाची अळी. अळी पुस्तकात असते. देवनहळ्ळीच्या या अंगाला मराठी घरातसुद्धा तिला हुळच म्हणतात आणि ती वाढवायच्या खोलीला हुळमने.

सकाळी पाला टाकला तेव्हा हुळं धडधाकट होती. चौथ्या ज्वरातून उठलेली, म्हणजे शेवटची कात टाकून खा खा सुटलेली, पांढरीफेक. दुपारी त्यांनी डोकी वर करून हलवायला सुरुवात केली, कुणीतरी काही विचारतंय आणि त्यांना नाही म्हणायचंय अशी. मग हिरवं पाणी ओकली, आखडून अर्धी झाली आणि मेली. दिवस कलेपर्यंत खोलीत ओकारी, चुना आणि कुजका पाला यांचा असा वास भरला की जिभेवर बसायचा. सून दिव्यश्री पदर नाकाला बांधून टोपल्या बाहेर नेत होती. मध्येच गोठ्यामागं जाऊन ओकून यायची आणि तोंड पुसून पुन्हा टोपलीला लागायची.

नवरा विश्वासराव मागं खड्डा खणत होता. ज्या कामात हुळांना हात लावावा लागत नाही ते काम त्याला बरोबर सापडायचं.

"खोल घेतलाय बघ," तो म्हणाला. "कुत्री उकरणार न्हाईत."

"कुत्र्यांना वास तरी कळतो," सोयराबाई म्हणाली आणि टोपली खड्ड्यात उलटी केली. पडताना ओल्या पिठासारखा आवाज झाला.

हुळं कशानं मेली हे शोधायला कुठं जायला नको होतं. तुतीच्या मळ्याला लागूनच पांढरी भिंत होती आणि भिंतीपलीकडं मलबेरी मॅनर. ही बंगल्यांची वसाहत शेजारच्या नागराजच्या जमिनीवर उठली. नागराजनं तुती उपटून जमीन विकली आणि आता तो विमानतळाला टॅक्सी मारायचा. तुती गेल्यावर वसाहतीला तुतीचं इंग्रजी नाव दिलं. फाटकावर फळाचं चित्रही काढलं, पण ते स्ट्रॉबेरीचं होतं. तिथल्या लोकांना डासांची फार धास्ती. त्यासाठी त्यांनी धुराचं यंत्र घेतलं होतं. माणूस ते खांद्याला लावून भिंतीच्या कडेनं चालायचा, धूर वाऱ्यावर अलीकडं यायचा, पाल्यावर बसायचा आणि पाला हुळांच्या पोटात जायचा. डास मेले की नाही कुणी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना फाटकावर गेल्या.

"कौन सा विला?" चौकीदारानं विचारलं. "मेड का पास दिखाओ."

"मेड नाही," सोयराबाई कन्नडात म्हणाली.

"फिर कुक?"

"शेजारी."

चौकीदाराला एवढं कन्नड कळत होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेजारी असा प्रकार त्याच्या रजिस्टरात नव्हता. मग त्याला वास आला असावा, कारण त्यानं खुर्ची उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवली आणि फोन लावला.

क्लबहाउसात मधुकरराव बसले होते. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात मोठे मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, मॅनरच्या कमिटीचे अध्यक्ष, शिवाय इंदिरानगरातल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी. दोघींना पाहून ते म्हणाले, "येस अम्मा, क्या हुआ? एनु?" सगळी हयात बोम्मसंद्रात काढून त्यांच्या कन्नडचा साठा एवढाच होता.

सोयराबाईनं सुनेकडं पाहिलं आणि पुटपुटली, "ह्या मुडद्याला कुठल्या भाषेत सांगू?"

मधुकररावांचा चेहरा उजळला. "तुम्ही मराठी?"

सोयराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांना मुडदा लागलाच नव्हता. परमुलखात आपल्या भाषेत शिवी ऐकायला मिळाली याचाच त्यांना आनंद झाला होता. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या.

"गाव कुठलं?"

"हेच."

"हो, पण मूळ? सातारा, कोल्हापूर?"

"मूळपण हेच."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी इथं तळं होतं. ते तुमच्या खाली गेलं."

मधुकरराव थोडा वेळ हिशेब करत राहिले आणि मग एकदम पुढं झुकले. "म्हणजे शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेले तुम्ही."

सोयराबाईचा बाप म्हणायचा, आपली माणसं जुन्या काळी वरून आली. कुणाबरोबर आली, कशाला आली, फौजेपुढं घोड्यावर आली का फौजेमागं बैल हाकत आली, का तिकडं कुणाचं काही करून पळून आली, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. हुळं जिवंत असली की असलं विचारायला सवड नसते आणि मेली की इच्छा नसते.

"तुमचं नाव काय?"

"सोयराबाई."

मधुकररावांनी कपाळाला हात लावला. "काय नाव आहे. इतिहास आहे हा."

"आत्याचं हाय. चिक्कबळ्ळापूरला विड्या वळायची."

"आणि यजमानांचं?"

"विश्वासराव."

ते उठले आणि खिडकीपर्यंत जाऊन आले. सोयराबाईनं मधल्या मध्ये धुराचं सांगून टाकलं: हुळं मेली, पाला विषारी झाला, नवं पीक बसवायचंय, हुळं पिकेपर्यंत भिंतीच्या कडेनं धूर नको. मधुकरराव मान हलवत होते, पण ती मान दुसऱ्याच कशाला तरी हलत होती.

"धूर बंद," ते म्हणाले. "शब्द दिला. पण तुम्ही दोघांनी आमच्या कार्यक्रमाला यायचं. इथेच, लॉनवर. बेंगळुरूतलं आद्य मराठी घराणं म्हणून तुमचा सत्कार."

"धूर न्हाई ना पण?"

"शब्द दिला ना, सोयराबाई."

नाव घेताना ते जरा थांबले, जसं काही नावाच्या आधी कुणीतरी तुतारी वाजवायची राहिली होती.

विश्वासरावला हे कळलं तेव्हापासून त्याची चाल बदलली. आरशासमोर उभं राहून तो मिशीला पीळ द्यायचा. मिशी अशी नव्हतीच, पण पीळ द्यायचा. मुलगा विराज बोम्मसंद्राला कारखान्यात पाळीवर असायचा. त्याला फोनवर सांगितलं, "आपण सरदार होतो म्हणं." तिकडून विराज काय म्हणाला कळलं नाही, पण फोन लवकर संपला.

"सरदार होता तर पाला कापा," सोयराबाई म्हणाली.

नवी हुळं आणली तेव्हा ती मोहरीसारखी होती. मग पाला बारीक चिरून घालायचा, मग पानं, मग काड्यांसकट फांद्या. ज्वर आला की पाला बंद. ज्वर उतरला की चुना भुरभुरून पुन्हा पाला. खालची विष्ठा काढायची, मेलेली वेचायची, दाराशी ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवूनच आत जायचं. परक्या माणसाला आत घ्यायचं नाही. साबण बिनवासाचा, डोक्याला तेल नाही, गजरा नाही, अगरबत्ती तर गावाच्या वेशीवर. हुळांना वास चालत नाही. त्यामुळं पीक चालू असलं की सोयराबाईच्या अंगाला फक्त हुळांचा वास यायचा, ओल्या पोत्यासारखा, जरा आंबूस. लग्नाकार्यात बायका तिच्यापासून सरकून बसायच्या. तिला सरकलेल्या बायका दिसायच्या. वासाचं काही वाटत नसे.

संध्याकाळी नागराज टॅक्सी लावून बांधावर बसायचा आणि कन्नडात टोमणे मारायचा.

"काय अक्का, सत्कार म्हणे. मी आजपर्यंत समजत होतो तुम्ही आमच्या गावच्या."

"मग?"

"आता कळलं, तुम्ही महाराष्ट्राच्या. मग कधी निघता?"

"तू जमीन विकून इथंच बसलायस. मी न विकता कुठं जाऊ?"

नागराज हसला, पण नंतर बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला. सोयराबाईला वाटायचं, हा आपलं पीक बुडायचीच वाट बघतोय, म्हणजे हा एकटा वेडा ठरणार नाही. तिनंही माणसाला एकदा एका खणात टाकलं की टाकलं.

चौथा ज्वर उतरला त्या सुमाराला मंडळाची मैत्रेयी आली. पुण्याची, मॅनरमध्येच राहायची, कार्यक्रमाची सगळी सूत्रं तिच्या हातात. गाडीतून उतरली तेव्हा तिच्याआधी तिचा सेंट उतरला.

"मला ते वर्म्स बघायचेत. रील करू या आपण."

"आत बेडा, यायचं न्हाई," सोयराबाई दारात आडवी झाली. "तुमच्या वासानं मरतील."

"माझ्या?" मैत्रेयी हसली. मग आतून वारं आलं आणि तिनं रुमाल नाकाला लावला. "ई, सॉरी. हा कसला वास?"

"हुळांचा."

"तुम्हाला सवय झाली असेल ना." हे तिनं अशा सुरात म्हटलं, जशी आजारी माणसाची चौकशी करतात. मग तिनं कामाचं काढलं. सोयराबाईनं नऊवारी नेसायची, नथ घालायची, ते सगळं मंडळ भाड्यानं आणणार. बोलायची गरज नाही. "तुमचं मराठी गोड आहे हं, पण त्यात ते थोड्याला स्वल्प, बरंला सरी वगैरे येतं. लोक कन्फ्यूज होतात. तुम्ही फक्त नमस्कार करा. आणि घरात काही जुनं आहे का? तलवार, ढाल?"

"काय न्हाई," सोयराबाई म्हणाली.

"आहे," विश्वासराव म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच 'आहे' म्हणाला असेल. घरात सगळे 'हाय' म्हणत.

तो आत जाऊन पाला कापायचा कोयता घेऊन आला. हा कोयता सोयराबाईनं देवनहळ्ळीच्या संतेत घेतला होता. संते म्हणजे आठवड्याचा बाजार. लोहारानं तो लॉरीच्या कमानपाट्याचा ठोकून दिला होता. मूठ झिजून तिच्या तळहाताच्या बेताची झाली होती. मैत्रेयीनं तो दोन्ही हातांवर घेतला.

"किती जुना असेल?"

"वाडवडिलांचा," विश्वासराव म्हणाला आणि बायकोकडं न बघता गाडीपर्यंत पोचवायला गेला.

सोयराबाईला त्याची किळस आली. राग नाही, किळस. मांडणीवर एखादं हुळ पिवळट, दुधाळ होऊन फुगतं, हात लावण्याआधीच कळतं की हे आता फुटणार आणि शेजारच्यांना घेऊन मरणार, तशी. पण धूर बंद होता. रोज भिंतीकडं बघून ती खात्री करून घ्यायची. तिनं गावात एकाकडून विळा मागून आणला. त्यानं तळहाताला फोड आले.

कार्यक्रमाच्या दिवशी हुळं भरात होती. आता एक-दोन दिवस खातील, मग पिकून पिवळसर होतील, मान वर करून जागा शोधतील आणि त्यांना चंद्रिकांवर सोडायचं, म्हणजे बांबूच्या त्या गोल जाळ्यांवर, की कोष बांधायला लागतील. हे एक-दोन दिवस पाला चुकला तर मागची सगळी मेहनत मातीत. दिव्यश्रीवर हुळमने सोपवून सोयराबाई दुपारनंतर क्लबहाउसात गेली.

तिथं दोन पोरींनी तिला नेसवलं. साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. नथ टोचत नव्हती, चिमट्याची होती, तिनं नाक चिमटून धरलं. केसांवर काहीतरी फवारलं, ते कडक झाले. मग मैत्रेयी आली, जवळ वाकली आणि थांबली.

"आंघोळ करून आलात ना?"

"सकाळी आणि दुपारी. हुळमनेत जाण्याआधी करावीच लागती."

"नाही, म्हणजे स्टेजवर पाहुणे जवळ येतील ना," असं म्हणून मैत्रेयीनं पर्समधून बाटली काढली आणि सोयराबाईच्या मानेवर, काखेत, पदराखाली फवारली. विचारलं नाही. पावसाळ्यात खोलीत फवारतात तसं. पोरी खाली बघत होत्या.

आरशात एक बाई बसली होती. खोटं कशाला बोलायचं, बाई बरी दिसत होती. घटकाभर सोयराबाईला वाटलंसुद्धा की ही असेल आपण, कोण जाणे, आपल्याला कुणी सांगितलंच नसेल. मग तिनं नेहमीच्या सवयीनं खांद्याला नाक लावून बघितलं. हुळांचा वास नव्हता. गुलाबाचा होता. तिनं पदरानं मान पुसली.

तेवढ्यात बाहेर फटफटीसारखा आवाज झाला आणि बंद पडला.

ती खिडकीशी गेली. लॉनच्या कडेला धुरवाला यंत्रात तेल ओतत होता. तिनं कन्नडात विचारलं, "कशाला काढलंस हे?"

"फंक्शन आहे अक्का. दिवे लागले की मच्छर येतात. दिवे लावायच्या आधी मारायचाय. आज जास्त मारायला सांगितलाय."

"कोणी?"

"अध्यक्षांनी."

ती तशीच व्यासपीठावर गेली. तिथं मधुकरराव माइक ठोकून बघत होते. मागं पडदा, पडद्यावर किल्ला, पुढं मखमलीवर हळदकुंकू लावलेला कोयता, त्याखाली पाटी: पूर्वजांचं शस्त्र. पहिल्या रांगेत विश्वासराव फेटा बांधून ताठ बसला होता. मान हलवली तर फेटा पडेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"धूर मारताय," सोयराबाई म्हणाली.

"वा," मधुकरराव म्हणाले, "काय शोभताय. हो, थोडासाच. पाहुण्यांसाठी."

"शब्द दिलता."

"दिला होताच. तो रोजच्या धुराचा. हा रोजचा नाही ना, हा खास. अहो, तुमच्याच सत्कारासाठी. डास तुम्हालाही चावतीलच की."

"माझी हुळं मरतील."

"एवढ्या तेवढ्यानं काही होत नाही हो. आणि झालंच तर मंडळ तुमच्या पाठीशी आहे." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "सोयराबाई, तुम्ही आता त्या अळ्यांच्या पलीकडे बघायला हवं. तुम्ही कोण आहात याची तुम्हाला जाणीवच नाही."

सोयराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. गुलाबी, नीट पुसलेला, चांगला खाल्लेला चेहरा. मग तिनं हात पुढं केला आणि मखमलीवरचा कोयता उचलला.

"अहो, ते एक्झिबिट आहे."

"कोयता हाय."

"तुमच्या पूर्वजांचा आहे तो."

"ह्याचा पूर्वज लॉरी हाय," ती म्हणाली. पदरानं हळदकुंकू पुसून ती व्यासपीठावरून उतरली आणि नवऱ्यासमोर थांबली. "उठा."

"कार्यक्रम..." विश्वासराव म्हणाला. "फेटा सुटंल गं."

ती पुढं गेली. फाटकावरून वळसा घालायला वेळ नव्हता. भिंतीला कामगारांनी माल आणायला ठेवलेलं लोखंडी दार होतं, तिथून ती वाकून मळ्यात गेली आणि धुराच्या आधी जेवढा कापता येईल तेवढा पाला कापायला लागली. नऊवारीचा कासोटा तिला घालावा लागला नाही, आधीच घातलेला होता. त्या साडीचा तेवढाच उपयोग झाला. बुडातून फांदी धरायची, कोयता तिरका मारायचा, फांदी मागं टाकायची. मूठ तळहातात बसली. फोड फुटले, ते ओलं लागत राहिलं.

बांधावरून नागराज ओरडून म्हणाला, "काय झालं, अक्का?"

"धूर मारणारेत."

नागराज उठला. घरातून विळा आणून पलीकडच्या ओळीत शिरला. किती दिवसांनी हातात विळा धरला होता कोण जाणे, पहिल्या फांद्या त्यानं चघळल्यासारख्या तोडल्या, मग हात बसला. ढीग झाला तेव्हा तो म्हणाला, "गाडीत टाकू, एका खेपेत जाईल."

"तुझ्या गाडीत ते लिंबाचं लटकतंय, वासाचं. पाला बेडा त्यात."

"अय्यो, ते काढून टाकतो की."

"सीटला धरलाय वास. डोक्यावर घे."

ज्यानं जमीन विकून गाडी घेतली होती तो भारा डोक्यावर घ्यायला वाकला. पण बांधायला दोरी नव्हती. तेवढ्यात लोखंडी दारातून विश्वासराव आला, बोडका, आणि त्याच्या हातात लांबच लांब भगवा फेटा.

"ह्यानं बांधा," तो धापा टाकत म्हणाला. "कोरा हाय. वास न्हाई. मी हुंगून बघितलाय."

सोयराबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण फेट्याचं टोक धरलं. त्यानं कोयत्यानं फाडून दोन केले, भारे आवळले. आपल्या हातानं पहिल्यांदाच त्यानं भारा उचलला असेल असं नाही, पण सांगितल्याशिवाय पहिल्यांदाच.

भिंतीवर माणसं जमली होती. पाहुणे आले होते, व्यासपीठ रिकामं होतं आणि मळ्यात नऊवारीतली बाई कोयता चालवत होती. खुर्च्यांवर उभं राहून लोकांनी फोन वर धरले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मैत्रेयीला माइक सापडला.

"बघा," तिचा आवाज मळ्यावरून घुमला, "हीच ती रणरागिणी. आजही हातात शस्त्र घेऊन उभी आहे."

सोयराबाई थुंकली. थुंकी तुतीच्या बुंध्याशी पडली. भिंतीवरून पुन्हा टाळ्या आल्या.

मग फटफट सुरू झाली. पांढरा धूर भिंतीवरून फुगत वर आला, टाळ्या वाजवणाऱ्यांना आधी मिळाला, ते खोकायला लागले, खुर्च्यांवरून उतरले. मग तो अलीकडं ओघळला आणि उरलेल्या ओळींवर बसला. तोवर शेवटचा भारा हुळमनेच्या पडवीत गेला होता. दिव्यश्रीनं खिडक्यांना ओली पोती लावली होती, पाल्यावर ओली पोती टाकत होती. नागराज उंबऱ्याबाहेर थांबला. पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याच्या आईनंही हुळं केली होती.

सोयराबाई दारापर्यंत आली आणि दिव्यश्रीनं हात आडवा केला.

"अत्ते, तुम्ही बेडा आत."

"का गं?"

"वास येतोय तुम्हाला. गुलाबाचा."

सोयराबाई उभी राहिली. आत हुळं भुकेली होती. फांद्या पडल्या की ती वरच्या अंगाला सरकत, आणि मग खोलीभर कुरकुर सुरू होई, सुपात भात घोळल्यासारखी. तो आवाज तिला दाराबाहेरून ऐकू येत होता. आपल्याच हुळमनेत जायची तिला मनाई होती आणि मनाई बरोबर होती. भिंतीपलीकडच्यांनी तिला कुठल्या कुठल्या नावानं हाक मारली, त्यानं काही बिघडलं नव्हतं. हे बिघडलं होतं. हे अंगाला लागलं होतं.

तिनं नथ ओढून काढली. मागं न्हाणीच्या आडोशाला जाऊन साडी सोडली आणि हात लांब करून मॅनरच्या भिंतीवर टाकली, शेजारच्यांचं वाळत घातलेलं वाऱ्यानं आपल्याकडं आलं की परत टाकतात तशी. मग तिनं हौदातलं पाणी डोक्यावर ओतलं. बिनवासाचा साबण लावला. गेला नाही. राख लावून घासली. केसातलं ते कडक गोंदासारखं सुटून मानेवरून चिकट ओघळलं, त्याची तिला शिसारी आली, हुळांच्या रश्श्याची कधी आली नव्हती तेवढी. काखा घासल्या, मान घासली, कातडी लाल झाली. पुन्हा राख, पुन्हा पाणी. दिव्यश्री येऊन हुंगून जायची.

"अजून हाय."

पुन्हा.

"स्वल्प हाय. कानामागं."

पुन्हा. शेवटी सोयराबाईनं दोरीवरचं हुळमनेतलं लुगडं नेसलं, विटलेलं, चुन्याचे डाग पडलेलं. दिव्यश्रीनं तिच्या मानेशी नाक नेलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

"आता तुमचा येतोय," ती म्हणाली.

सोयराबाईनं ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवले आणि आत गेली.

हुळं पिकली. काही मेली, नेहमी मरतात तेवढी, दोन-चार जास्त. बाकीची चंद्रिकांवर चढली, तोंडातून धागा काढत डोकी इकडून तिकडं हलवू लागली, पण या वेळचं डोकं हलवणं 'नाही' म्हणायला नव्हतं.

मैत्रेयी भिंतीवरची साडी आणि नथ घ्यायला आली त्या दिवशी सगळी हुळं चंद्रिकांवर होती. साडीवर धुराचे चट्टे पडले होते, त्याबद्दल ती काही बोलली नाही. ती खुश होती. व्हिडिओ फार लोकांनी बघितला होता. अध्यक्षसुद्धा म्हणत होते, पुढच्या वर्षी मळ्यातच कार्यक्रम घेऊ. तिला फक्त एक विचारायचं होतं.

"लोक कमेंटमध्ये विचारतायत, या नक्की कोण? कुठल्या घराण्याच्या? मी काय लिहू?"

दार थोडं उघडं होतं. सोयराबाई आतल्या अंधारातून बघत होती.

"काय लिहायचं ते तुम्ही लिहिलंच असंल."

"तसं लिहिलंय," मैत्रेयी म्हणाली. मग लाडानं, "मी स्वल्प आत येऊ? आज तरी? आय प्रॉमिस, हात नाही लावणार."

स्वल्प ती शिकून आली होती. सोयराबाईनं दाराच्या फटीतून नाक पुढं काढलं आणि हुंगलं.

"काय लावलंय?"

"कुठे काय. नुसता डिओ."

"वास येतोय तुमचा," सोयराबाई म्हणाली. "बाहेरच थांबा."

आणि तिनं दार लावून घेतलं.